‘मॉड्युलर केबली सगळ्या सारख्याच’ या एका वाक्याने भाच्याचा एसएसडी गेला

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे. दोन वर्षं पैसे साठवून त्याने स्वतःच्या हाताने गेमिंग पीसी जुळवला. मागच्या रविवारी रात्री त्याचा फोन आला. “मावशी, बटण दाबलं, टिक असा आवाज झाला, जळका वास आला आणि सगळं बंद पडलं. आता काहीच चालू होत नाहीये.” मी पहिला प्रश्न विचारला तो केबलींचा. कुठली केबल कुठून आणलीस? त्याने उत्तर दिलं नाही, एक मेसेज पुढे पाठवला. हाच मेसेज त्या आठवड्यात मला आणखी दोघांकडून आला होता आणि मी तो न वाचता पुढे सरकले होते. वाचला असता तर बरं झालं असतं.

मेसेजचं नाव ‘स्वस्तात गेमिंग पीसी: कोणीच न सांगितलेल्या सात गोष्टी’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. एक, पॉवर सप्लाय (भिंतीतली वीज मशीनच्या भागांना लागणाऱ्या व्होल्टमध्ये बदलून पुरवणारा भाग) म्हणजे नुसता डबा, कॅबिनेटसोबत मिळणारा ‘५०० वॅट’वाला पुरतो. दोन, जास्त वॅटचा सप्लाय घेतला की विजेचं बिल वाढतं. तीन, ‘८० प्लस गोल्ड’ लिहिलेलं असलं की डोळे मिटून घ्या. चार, मॉड्युलर केबली सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच, जुन्या बिनधास्त वापरा. पाच, ग्राफिक्स कार्डाचा कनेक्टर कमी पडला तर साटाचा, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या केबलीवरचा, अ‍ॅडॉप्टर लावा. सहा, रॅमची एकच मोठी स्टिक घ्या. सात, असा वाचलेला सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात घाला.

मी क्रमाने जाणार नाही. चौथ्यापासून सुरू करते, कारण आमच्या घरात नुकसान त्यानेच केलं.

मॉड्युलर सप्लाय म्हणजे ज्याच्या केबली सुट्या येतात. लागतील तेवढ्याच खोचायच्या. प्रत्येक केबलीला दोन टोकं असतात. एक मदरबोर्डात, डिस्कमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डात जातं, दुसरं सप्लायमध्ये. पहिल्या टोकाला नियम आहे. एटीएक्स (डेस्कटॉप पीसीच्या भागांचं प्रचलित मानक) पॉवर सप्लाय कसा असावा याचं डिझाइन गाइड इंटेल काढते, आणि कुठल्या कनेक्टरच्या कुठल्या पिनेवर किती व्होल्ट यायला हवेत हे त्यात आकृतीसकट दिलेलं आहे. म्हणून तर कुठल्याही कंपनीचा सप्लाय कुठल्याही बोर्डाला चालतो. दुसऱ्या टोकाला, म्हणजे सप्लायमध्ये खोचायच्या बाजूला, डिस्कच्या केबलीसाठी असा कुठलाही सामाईक नियम नाही. तिथे पिनांचा क्रम ज्याचा त्याने ठरवायचा. एका कंपनीने १२ व्होल्ट डावीकडे ठेवले, दुसरीने त्याच जागी ५ व्होल्ट ठेवले, तर दोघींचं काही चुकलेलं नसतं.

फसगत होते ती प्लॅस्टिकमुळे. खोचायच्या कनेक्टरचं प्लॅस्टिक बऱ्याच कंपन्या सारखंच वापरतात. केबल आत जाते, खटका बसतो, माणसाला वाटतं जमलं. पूर्वी वायरींचे रंग तरी असत: पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ची, नारिंगी ३.३ची, काळी ग्राउंड. आता दिसायला छान म्हणून सगळ्याच वायरी काळ्या करतात, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही फरक असतो. कॉर्सेअर ही कंपनी आपल्या केबलींवर टाइप ३, टाइप ४ असं लिहिते, आणि या दोन प्रकारांमधली मदरबोर्डाची २४ पिनांची केबल एकमेकींच्या जागी चालत नाही. एका कंपनीच्या आतच हे असेल, तर ‘सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच’ हे वाक्य कशाच्या जोरावर लिहिलं?

भाच्याने केलं ते असं. नव्या सप्लायसोबत आलेली साटा केबल त्याला आखूड पडली. वडिलांच्या जुन्या मशीनमधल्या, दुसऱ्या कंपनीच्या सप्लायची लांब केबल घरात होती. मेसेज म्हणतो चालते, म्हणून त्याने ती लावली, आणि त्या एकाच केबलीवर नवा एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि घरातली जुनी हार्ड डिस्क जोडली. मी नंतर मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून पाहिलं. नव्या सप्लायच्या ज्या पिनेतून १२ व्होल्ट निघतात, ती वायर या जुन्या केबलीत डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनांवर जाऊन पोचत होती. एसएसडी चालतो पाचावर. त्याला बारा मिळाले आणि तो जागीच संपला.

त्या हार्ड डिस्कवर माझ्या वडिलांचे, म्हणजे भाच्याच्या आजोबांचे, शेवटच्या तीन वर्षांतले फोटो होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती. हार्ड डिस्कच्या सर्किट बोर्डावर ५ व्होल्टच्या वाटेवर बऱ्याचदा टीव्हीएस डायोड नावाचा बारीकसा भाग असतो. व्होल्टेज हाताबाहेर गेलं की तो स्वतः शॉर्ट होतो आणि मागचं सर्किट वाचवतो. या डिस्कमध्ये तो होता आणि त्याने स्वतःला जाळून घेतलं. शॉर्ट झाल्याबरोबर सप्लायही बंद पडला, कारण तो धड कंपनीचा होता आणि त्यातलं शॉर्ट सर्किटचं संरक्षण खरोखर काम करत होतं. मी डायोड काढला, तपासलेल्या सप्लायवर डिस्क लावली, ती फिरली, आणि रात्रभर बसून सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. दर वेळी हे जमत नाही. डायोडच्या मागचं काही जळलं असतं तर ते फोटो गेले असते, आणि माझ्या बहिणीला ते काय तोंडाने सांगायचं हे मला त्या रात्री सुचत नव्हतं.

पाचवा मुद्दा याच जातीचा. ग्राफिक्स कार्डाला सहा पिनांची जोडणी हवी आणि सप्लायला ती नाही, तर साटाच्या एका कनेक्टरवरून अ‍ॅडॉप्टर लावा म्हणे. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची मर्यादा दीड अँपिअर. तीन गुणिले दीड म्हणजे साडेचार अँपिअर, गुणिले बारा म्हणजे ५४ वॅट. सहा पिनांच्या जोडणीतून कार्ड ७५ वॅट ओढू शकतं, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. चोपन्नच्या वाटेने पंचाहत्तर ओढलं की पिना तापतात, प्लॅस्टिक वितळतं. असे काळवंडलेले कनेक्टर मी स्वतः कापून काढले आहेत. सप्लायला कार्डाची केबलच नसेल, तर तो सप्लाय त्या कार्डासाठी बनलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता तो ‘५०० वॅट’चा डबा. दुरुस्तीला आलेल्या अशाच एका सप्लायचं लेबल माझ्यासमोर आहे. ३.३ व्होल्टवर २८ अँपिअर, ५ व्होल्टवर ३२, १२ व्होल्टवर १८. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हे शाळेतलंच गणित. ९२, १६० आणि २१६ वॅट झाले, वर किरकोळ दोन लाइनी, म्हणजे वेगळ्या व्होल्टच्या वाटा. सगळी बेरीज पाचशेच्या जवळ जाते आणि खोक्यावर ‘५००’ छापलं जातं. पण आजच्या गेमिंग पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे भूक असलेले दोघंही, १२ व्होल्टवर जेवतात. पूर्वीचे प्रोसेसर ५ व्होल्टवर चालत. २००० साली प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी आली, इंटेलच्या गाइडच्या २००३च्या आवृत्तीपासून भर उघडच १२ व्होल्टवर गेला. हा डबा त्याआधीच्या काळात अडकलेला आहे. कामाचे वॅट त्यात २१६.

आता बेताच्या बजेटमधली नेहमीची जोडी घ्या. आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॅट, कोअर आय५ १२४००एफ प्रोसेसर टर्बोत, म्हणजे पूर्ण जोरात पळताना, ११७ वॅटपर्यंत. दोघांचेच २८७ झाले. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, फॅन धरले की सव्वातीनशेच्या वर जातं. शिवाय कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या बरंच वर उसळतं. ही उसळी इतकी खरी आहे की त्याच गाइडच्या २०२२च्या एटीएक्स ३.० या आवृत्तीत, नवा सोळा पिनांचा कनेक्टर असलेल्या ४५० वॅटच्या वरच्या सप्लायने १०० मायक्रोसेकंदांसाठी स्वतःच्या रेटिंगच्या दुप्पट भार झेलावा अशी अट घातली गेली. २१६ वॅटचा डबा इथे काय करणार?

तो लगेच फुटतोच असं नाही, आणि खरा त्रास तिथेच आहे. फुटला असता तर कळलं तरी असतं. इंटेलचं तेच गाइड १२ व्होल्टच्या लाइनीला वर्षानुवर्षं पाच टक्क्यांची सूट देत आलं आहे, म्हणजे ११.४ ते १२.६, आणि त्यावरची थरथर, जिला रिपल म्हणतात, १२० मिलिव्होल्टच्या आत हवी. भार वाढला की या डब्याचे बारा अकरावर येतात, रिपल वाढतो, गेम ऐन रंगात असताना मशीन रीस्टार्ट होतं. मग मुलं विंडोज पुन्हा टाकतात, ड्रायव्हर बदलतात, रॅम बदलतात, चांगलं कार्ड खराब समजून विकून टाकतात. माझ्याकडे येणाऱ्या ‘कार्ड गेलंय’ म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं कार्ड दुसऱ्या सप्लायवर ठणठणीत चालतं.

म्हणून सप्लाय घेताना खोक्यावरचा मोठा आकडा सोडा, बाजूच्या लेबलवरची १२ व्होल्टची ओळ वाचा. ५५० वॅटच्या प्रामाणिक सप्लायमध्ये एकट्या १२ व्होल्टवर जवळपास पूर्ण ५५० मिळतात, म्हणजे ४५ अँपिअरच्या आसपास. मागे ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल बटण दिसलं, तर तो सप्लाय जुन्या घडणीचा आहे असं समजून दूर राहा. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ते बटण चुकून ११५वर राहिलं की सप्लाय तिथेच उडतो.

एक गोष्ट मेसेजला नाइलाजाने द्यावी लागेल. त्यात पुढे लिहिलंय की बेताच्या मशीनसाठी ८५० वॅटचा सप्लाय गळ्यात मारला जातो, तो घेऊ नका. हे बरोबर आहे. वरच्या जोडीला आरटीएक्स कार्डांची कंपनी एनव्हिडिया स्वतः ५५० वॅटच सुचवते. पण ‘८५० नको’ यातून ‘कुठलाही चालेल’ हे निघत नाही.

बिलाचं म्हणणं साफ चूक. सप्लाय मशीन मागेल तेवढंच देतो. मशीनला ३४० वॅट लागत असतील आणि सप्लायची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर भिंतीतून ४०० वॅट ओढले जातील, मग सप्लाय ५५०चा असो की ७५०चा.

‘८० प्लस’ हे या कार्यक्षमतेचंच प्रमाणपत्र आहे, २००४ पासूनचं. गोल्ड म्हणजे ११५ व्होल्टवरच्या चाचणीत २०, ५० आणि १०० टक्के भाराला अनुक्रमे ८७, ९० आणि ८७ टक्के. वीज किती वाया जाते हे त्यातून कळतं. रिपल किती, संरक्षण वेळेवर चालतं का, हे ती चाचणी बघतच नाही. २०२१ साली गिगाबाइट या कंपनीचे जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम हे दोन सप्लाय चाचण्यांमध्ये फुटले म्हणून गाजले. दोन्ही गोल्ड. कंपनीने नंतर जादा भाराला सप्लाय बंद पडण्याची मर्यादा १२० ते १५० टक्क्यांवरून ११० ते १२० टक्क्यांवर आणली आणि ठरावीक सीरियल नंबरचे सप्लाय बदलून देऊ केले. डोळे मिटून घ्यायची वस्तू ही नव्हे. ज्या मॉडेलची कोणी भार लावून, ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची थरथर दाखवणारं यंत्र) लावून तपासणी केली आहे, ते नेमकं मॉडेल घ्या; कंपनीच्या नावावर जाऊ नका.

रॅमबद्दल: एक स्टिक घेतली तर पुढे वाढवायला जागा राहते, हे खरं. पण डीडीआर४-३२०० च्या एका स्टिकवर सेकंदाला २५.६ जीबीची वाट मिळते, दोन स्टिक दोन चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या दोन वेगळ्या वाटांवर, बसवल्या की ५१.२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळायचं असेल, तर हा फरक खेळताना स्पष्ट जाणवतो. सोळा जीबी हवेत तर आठ-आठच्या दोन घ्या.

सातव्या मुद्द्याशी माझं भांडण फक्त पैसा कुठून काढायचा याचं आहे. एफपीएस (गेमचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) सर्वांत जास्त ग्राफिक्स कार्डावर ठरतो, तेव्हा पैसा तिथे जावा हे मान्य. मग काचेचं कॅबिनेट सोडा, दिव्यांचे फॅन सोडा. आय५ पुरत असताना आय७ कशाला? ओव्हरक्लॉक करणारच, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या वर पळवणारच नसाल तर महागडा मदरबोर्ड कशाला? सर्वांत वेगवान एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) घेऊन बहुतेक गेम थोडे लवकर उघडतात, एफपीएस जवळपास तेवढाच राहतो, तिथूनही वाचतं. इतक्या जागा असताना सप्लायलाच कात्री लावायची, ज्याला बाकीचा प्रत्येक भाग जोडलेला असतो?

हे सगळं मी ज्या ग्रुपवरून भाच्याला तो मेसेज आला, त्या ग्रुपवरही टाकते आहे. चौथा मुद्दा वाचून तुमच्यापैकी कोणी जुन्या सप्लायची केबल नव्या सप्लायला लावली असेल आणि अजून मशीन सुरू केलं नसेल, तर आत्ता भिंतीवरचं बटण बंद करा, ती केबल काढा आणि सप्लायच्या खोक्यातून आलेलीच लावा. आखूड पडत असेल तर डिस्कची जागा बदला, किंवा त्याच मॉडेलसाठी त्याच कंपनीने दिलेली लांब केबल मागवा. खोकं टाकून दिलं असेल आणि कुठली केबल कोणाची हे आता सांगता येत नसेल, तर मला फोटो पाठवा. मल्टिमीटर माझ्याकडे आहे.