सर, मी काहीच चुकले नाही तरी आउट?

गेल्या आठवड्यात शाळेच्या ग्राउंडवर फक्कीने मोठं वर्तुळ आखलं आणि घरनं नेलेले दोन किलो हरभरे त्यात उधळले. हेडबाईंनी ऑफिसच्या खिडकीतनं बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, आमच्याकडे यालाच परमिशन म्हणतात. नववीचा वर्ग, विषय आक्रमक प्रजाती, म्हणजे बाहेरनं येऊन तिथल्या जिवांना मागे सारणाऱ्या. गाइडमध्ये एक व्याख्या आणि चार मुद्दे आहेत, पोरं ते पाठ करून धडाधड म्हणतात आणि पेपर झाला की विसरतात, मीही कित्येक वर्षं तसंच शिकवलंय त्यामुळे दुसऱ्याला बोलायचा मला काही हक्क नाही. पण आमचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून, वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी जाळी वाळत पडलेली असतात, आणि मी फळ्यावर उदाहरण लिहितोय अमेरिकेतल्या तलावाचं, याची यंदा जरा लाजच वाटली.

तर खेळ असा. सहा पोरं शिंगटा, सहा वाम, सहा मरळ, हे आमच्या नदीतले मासे, आणि चिलापी, म्हणजे बाहेरनं आणलेला तिलापिया मासा, फक्त दोन. बाकीची बाहेर लायनीत, ती न जन्मलेली पिल्लं. वीस सेकंदाचा एक राउंड. शिंगटा आणि वामने एका हाताने हरभरे वेचायचे, दहा झाले तर जगला, नाहीतर लायनीत. चिलापीला दोन्ही हात अलाउड, कारण ती शेवाळ खाते, गाळ खाते, किडे खाते, दुसऱ्याची अंडीपण सोडत नाही. मरळने हरभऱ्याला शिवायचंच नाही, तिने माशाला शिवायचं, शिवला की तो तिच्या पोटात. आणि मेन नियम म्हणजे बाकीच्यांची वीण फक्त पावसाळ्याच्या राउंडला, चिलापीची प्रत्येक राउंडला. (खरा शिंगटा काही हरभरे खाणारा नाही, लहान मासे खाणारा आहे, हे मला माहितीये, मासेमारी कोळून प्यालेल्यांनी कृपया समजून घ्या.)

पहिल्या राउंडला पोरं हसत होती. दुसऱ्याला "सर चिटिंग आहे, त्यांना दोन हात का" सुरू झालं. चौथ्या राउंडला वर्तुळात अकरा चिलाप्या, शिंगटा एकच, वाम दोन, आणि मरळवाली पोरं मात्र सहाची आठ होऊन मजेत. शिंगटा झालेली एक मुलगी दुसऱ्याच राउंडला बाहेर गेली होती, आठ हरभरे होते तिच्या मुठीत, ती मूठ तशीच गच्च धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, म्हणाली, सर, मी काहीच चुकले नाही तरी आउट?

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. 'अन्न व जागेसाठी स्पर्धा' हा गाइडमधला मुद्दा क्रमांक दोन म्हणजे हे आहे. शिंगट्याला कुणी मारलं नाही, चावलं नाही, फक्त तो पोचेपर्यंत हरभरे संपले.

आणि मरळ वाढली याचं पोरांना फार आश्चर्य वाटलं. त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं की बाहेरचं काही आलं की सगळ्यांचंच वाटोळं. तसं नसतं ना. इथे मी त्यांना ऑस्ट्रेलियातली बेडकाची गोष्ट सांगितली, आमचा भाग उसाचा, हुमणी म्हणजे काय हे पोरांना सांगावं लागत नाही. तिकडे क्वीन्सलँडमध्येही उसाच्या मुळ्या खाणाऱ्या अळ्यांनी शेतकरी जेरीस आले होते, म्हणून १९३५ साली त्यांचे भुंगेरे खायला हवाईतनं शंभरेक केन टोड आणले. भुंगेरे उसाच्या शेंड्याला, बेडूक खाली जमिनीवर, त्यामुळे मूळ काम झालंच नाही आणि बेडूक मात्र लाखोंनी पसरले. ते विषारी, त्यांना खाऊन तिथल्या मोठ्या घोरपडी धडाधड मेल्या. मग या घोरपडी ज्या कासवांची अंडी खायच्या त्यांची अंडी वाचायला लागली. म्हणजे बेडकाचा आणि कासवाचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी संबंध आहे. एक पोरगं लगेच म्हणालं, सर मग कासवाला बेडूक चांगलाच की. म्हटलं हो, कासवाला विचारलं तर चांगलाच, घोरपडीला विचार.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. खेळ झाल्यावर वर्गात आलो, फळ्यावर 'चिलापी कोण?' असं लिहिलं आणि पोरांना उत्तरं सांगायला लावली. पहिलंच उत्तर आलं "घुसखोर". दुसरं "बाहेरचे लोक". तिसऱ्याने मागच्या बाकाकडे बघून काहीतरी पुटपुटलं आणि चारपाच जण फिस्सकन हसले. मागच्या बाकावर वीटभट्टीवरचा एक मुलगा बसतो, त्याचे आईवडील बिहारचे. तो वहीत बघत बसला. मला तिथे घाम फुटला, कारण ही भाषा मीच दिली होती, 'परकीय', 'आक्रमण', 'आपले मासे', सगळे शब्द माझ्याच तोंडचे.

फळा पुसला आणि विचारलं, डब्यात काय आणलंय? भाकरी आणि शेंगाचटणी, निम्म्या वर्गाचं तेच. म्हटलं ज्वारी मूळची आफ्रिकेतली, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोकडची. सोलापुरी शेंगाचटणी म्हणता ना, तिच्यातला लसूणसुद्धा इथला नाही. यातलं कुठलं पीक कुंपण ओलांडून रानात घुसलं आणि बाकीचं सगळं मारलं? कुठलंच नाही, उलट चार दिवस पाणी नाही दिलं तर मिरची मान टाकते. मग उलटं विचारलं, कटला आणि रोहू आपले का? सगळे म्हणाले आपलेच. ते मूळचे गंगेकडचे मासे आहेत, भीमेत माणसाने आणून सोडले. देश एकच, नदी वेगळी, आणि माशाला नदी कळते, नकाशा कळत नाही. आणि आपली साळुंकी ऑस्ट्रेलियात नेऊन सोडली तर तिथे ती इतर पक्ष्यांची घरट्याची ढोली बळकावते म्हणून लोक तिच्या नावाने बोटं मोडतात.

माझं स्पष्ट मत आहे की कुठून आलं हा प्रश्न नुसता हजेरीपुरता आहे, आल्यावर बाकीच्यांच्या संख्येचं काय झालं हा खरा धडा आहे, आणि तो मोजल्याशिवाय शिकवता येत नाही. 'परदेशी म्हणजे वाईट' शिकवायला शिक्षक कशाला पाहिजे, ते पोरांना मोबाइलवर फुकट मिळतंय.

मोजायला म्हणून शनिवारी सकाळी दहाबारा पोरांना घेऊन भिगवणला मासळीच्या लिलावाला गेलो. पाट्यांमागून पाट्या चिलापीच्या. पोरं वहीत रेघा मारत होती, तेवढ्यात एक मावशी म्हणाल्या, "सर, चिलापीला नावं ठेवू नका बरं का, माझ्या दोन पोरांच्या फिया तिनंच भरल्यात." यावर काय बोलणार. १९५२ साली ही मोझांबिक तिलापिया श्रीलंकेमार्गे भारतात आणली तीही गरिबाला स्वस्त मासा मिळावा म्हणूनच, मग ती मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती मरत नाहीत आणि जाईल तिथे गर्दी होते हे लक्षात आल्यावर १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी आली. तोवर मासा सुटला तो सुटलाच.

आणि सगळं खापर चिलापीवर फोडणं हापण आळशीपणाच आहे, जो मी वर्षानुवर्षं केलाय. १९८० ला धरण पुरं झालं, वाहती भीमा साचलं पाणी झाली. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी खाली इथेच येतं, त्या घाण पाण्यात तग धरण्यात चिलापीचा हात कोण धरणार. वर बारीक आसाच्या जाळ्यांनी बोटाएवढी पिल्लंपण उचलली जातात. अहिर तर वीण करायला समुद्रात जाणारा मासा, त्याच्या वाटेत बंधारे आणि धरणं उभी राहिली, त्यात चिलापीचा काय दोष? पुढच्या वेळी खेळात मी अर्धं वर्तुळ पुसून टाकणार आहे आणि मूठभर हरभऱ्यात माती कालवणार आहे, बघू पोरांना काय दिसतंय.

लिलावाच्या कट्ट्यावर एक म्हातारे बाबा बसले होते, सत्तरीच्या पुढचे, धरणाआधीची नदी बघितलेले. पोरांनी त्यांना धरलं. ते बोटांवर मोजत माशांची नावं सांगत गेले आणि पोरं लिहीत गेली, सतरा नावं झाली. त्या दिवशीच्या पाट्यांमध्ये त्यातली पाचच सापडली. दोन नावं तर अशी आहेत की वर्गातल्या एकाही घरात कुणाला माहीत नाहीत, बाबांनाही मासा आठवतो पण तो कसा दिसायचा ते सांगता येईना, हाताने नुसती लांबी दाखवत राहिले. वीटभट्टीवरच्या पोराने वहीत त्या लांबीची रेघ मारून ठेवलीये, पान पुरलं नाही म्हणून दोन पानांवर मिळून.