टिळकांवर देशद्रोहाचा खटला झाला नव्हता

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. मागच्या लेखात मी 'राजद्रोह' आणि 'देशद्रोह' वेगळे काढले, तो तुम्हाला नुसता शब्दांचा कीस वाटला. देशाविरुद्ध जातो तो देशद्रोही, सामान्य माणसाला एवढं पुरे, असं तुम्ही म्हणता. शिवाय सरकारनेच नव्या कायद्यात राजद्रोह काढून देशद्रोह आणला, हेही दाखवून देता. आणि शेवटी लिहिता, "टिळकांवरही देशद्रोहाचाच खटला झाला होता."

या शेवटच्या वाक्यामुळेच लिहायला बसलो.

टिळकांवर देशद्रोहाचा खटला कधीच झाला नाही. १८९७ आणि १९०८, दोन्ही वेळा भारतीय दंडसंहितेचं कलम होतं १२४-अ, म्हणजे राजद्रोह. सरकारबद्दल लोकांच्या मनात द्वेष, तुच्छता, अप्रीती निर्माण करणं हा तो गुन्हा. १८९७ मध्ये न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की अप्रीती म्हणजे प्रीती नसणं. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये मुजफ्फरपूरला क्रांतिकारकांनी टाकलेल्या बॉम्बनंतर 'केसरी'त आलेल्या दोन लेखांवर खटला भरला गेला. त्यातल्या एकाचं नाव होतं 'देशाचे दुर्दैव'. देशाच्या दुर्दैवाने ज्याचा जीव तुटतो, त्याला देशद्रोही म्हणायला आपली जीभ वळेल का? हा खटलाही मोठ्या प्रमाणात शब्दांवरच लढला गेला. टिळकांनी स्वतः बाजू मांडली, आणि मराठी लेखांचं इंग्रजी भाषांतर मूळ अर्थाला धरून नाही, हे एकेक शब्द घेऊन दाखवलं. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, मराठी माणूस एकही नाही. निकाल सात विरुद्ध दोन असा लागला आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. शब्दांचा कीस पाडणं ही चैन नसते, हे मी तिथूनच शिकलो.

इंग्रजीतही हे दोन वेगळे शब्द आहेत, देशद्रोहाला ट्रीझन आणि राजद्रोहाला सेडिशन. ट्रीझनचं लॅटिन मूळ 'हवाली करणे' या अर्थाचं. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा शब्द फितुरी. किल्लेदार फितला म्हणजे त्याने दरवाजा उघडून किल्ला शत्रूच्या हवाली केला. कोर्टातला साक्षीदार उलटला की आजही बातमीत 'साक्षीदार फितूर' असंच येतं, कारण त्याने बाजू बदललेली असते. फितुरीला पलीकडे कोणीतरी लागतो. राजद्रोहाला कोणी लागत नाही. एकट्याने लेख लिहिला तरी तो होतो.

ट्रीझन हा शब्द सैल सोडला की काय होतं, हे इंग्लंडने भोगलं आहे. राजाच्या मृत्यूची नुसती कल्पना मनात आणणं हाही १३५१ च्या कायद्यात ट्रीझनच होता. म्हणून अमेरिकेच्या घटनाकारांनी व्याख्या घटनेतच बांधून टाकली: देशाविरुद्ध युद्ध पुकारणं किंवा शत्रूला साथ देणं, आणि तेही एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार असतील किंवा आरोपीने खुल्या कोर्टात कबुली दिली असेल तरच. आपल्या दंडसंहितेत याच्या जवळचं कलम होतं १२१, युद्ध पुकारण्याचं. कसाबला ते लागलं. १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांनाही लागलं होतं, तिथे 'युद्ध' इंग्लंडच्या राजाविरुद्धचं होतं.

आता नव्या कायद्याचं. डिसेंबर २०२३ मध्ये गृहमंत्र्यांनी लोकसभेत राजद्रोहाच्या जागी देशद्रोह आणल्याचं सांगितलं, हे खरं. पण दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ उघडून बघा. त्यात 'देशद्रोह' हा शब्दच नाही. भारताचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारी कृत्यं, अशी भाषा आहे. भाषणात आलेला शब्द कायद्यातला शब्द होत नाही.

हा विषय मला इतका का लागतो, तेही सांगतो. मी काही वर्षं एका दैनिकात रात्रपाळीला होतो. एजन्सीची बातमी यायची, त्यात 'सेडिशन' असायचं, आणि आम्ही मथळ्यात 'देशद्रोह' लावून पान सोडायचो. 'राजद्रोह'सुद्धा चारच अक्षरांचा, तेव्हा जागेची सबब सांगायची सोय नव्हती. देशद्रोह जरा जोरात वाजायचा, एवढंच. एका रात्री एका विद्यार्थ्याच्या बातमीला मी स्वतः तो मथळा दिला. गुन्हा १२४-अ चा होता, सरकारवर टीका करणाऱ्या भाषणाबद्दलचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला. ते भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "साहेब, आमच्या पोराने देश कोणाला विकला, ते तरी छापा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरकार म्हणजे देश, हे समीकरण त्या मथळ्यात मी केलं होतं, पोलिसांच्या कागदातही ते नव्हतं.

तुमचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. 'राजद्रोहाचा कायदा संपला' हे मागच्या लेखातलं माझं वाक्य चुकलं. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२२ रोजी त्या कलमाचा वापर थांबवला, १ जुलै २०२४ पासून दंडसंहिताच गेली. पण कलम १५२ ची शिक्षा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे जुन्या कलमातल्या तीन वर्षांहून जास्त. लेखातलं ते वाक्य आजच दुरुस्त करतो आहे.