आळंदीचा अजानवृक्ष आणि माहुलीचा पिंपळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. साताऱ्याजवळच्या संगम माहुलीत समाधीच्या दगडांत उगवलेली पिंपळाची रोपं काढा, असं मी लिहिलं होतं. त्यावर ‘आळंदीत समाधीजवळच्या झाडाला हात जोडायचे आणि माहुलीत समाधीवरचा पिंपळ उपटा म्हणायचं, हा दुटप्पीपणा’ असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही संगम माहुलीचे, शनिवारी पिंपळाला पाणी घालणारे. राग कळतो, मुद्दा पटत नाही.

अजानवृक्ष, म्हणजे दातरंग, हे मातीत रुजणारं झाड. पिंपळाला माती लागतेच असं नाही. साळुंक्या-बुलबुल फळं खातात, विष्ठेतून बी दगडांच्या सांध्यात पडतं आणि चुन्यात मुरलेल्या ओलीवर रुजतं. केसाएवढं मूळ आत शिरतं, मग जाड होत जातं आणि पाचर मारल्यासारखे चिरे सुटतात. त्या फटींत पावसाचं पाणी उतरतं. तिथे कृष्णा-वेण्णेचा पूर काय करतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

संत एकनाथांचा दाखला तुम्ही दिलात खरा, पण तो माझ्या बाजूने जातो. नाथांच्या अभंगात माउली स्वप्नात येऊन काय सांगतात? अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन काढ. मुळी काढ, वृक्ष तोड असं नाही! ज्ञानेश्वरांची समाधी 1296 ची, नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली. त्यांनी शिरलेले अपपाठ, म्हणजे चुकीचे पाठ, काढले, ग्रंथ राखला. ती मुळी म्हणजे हे अपपाठच, असाही अर्थ लावतात. तो तुम्ही माना किंवा मानू नका. झाडाखाली आजही पारायणं चालतात.

मी ‘रोपं काढा’ म्हटलं होतं, ‘झाडं तोडा’ नव्हे. बोटाएवढं रोप पावसाळ्यात, सांधा ओला असताना, मुळासकट निघतं. ते घाटापासून लांब लावा, पापही नको. सांधा मात्र चुन्यानेच भरा. सिमेंटने ओल आत कोंडते आणि शेजारचा दगड झिजतो. नुसता शेंडा छाटण्यात अर्थ नाही, पिंपळ पुन्हा फुटतो.

ज्या पिंपळाच्या मुळांनीच चिरे धरून ठेवलेत, त्याला हात लावू नये हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. तो तोडला तर मुळं कुजतात, पोकळी राहते आणि बांधकाम बसतं. कंबोडियात ता प्रोह्म मंदिरात भारतीय पुरातत्त्व खात्याने झाडं राखूनच डागडुजी केली आहे. अशा जागी जाणकार माणूस हवा, आपला कोयता नको. आणि समाधी कोणाच्या ताब्यात आहे ते विचारल्याशिवाय रोपालाही हात लावू नये.

समाधीशेजारी दातरंग लावावा का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. जरूर लावा, पण चौथऱ्याला खेटून नको. मुळं पसरायला मोकळी माती राहील इतकं अंतर सोडा.