तेजोमेघ आणि सेक्रेटरी

घोडबंदर रोडला राहून तेजोमेघ, म्हणजे तारे जन्मतात तो वायू-धुळीचा ढग, बघायचा, तर आधी सेक्रेटरींना भेटावं लागतं. गच्चीची किल्ली त्यांच्याकडे. "रात्री गच्चीवर कशाला?" याला "नवजात तारे बघायला" असं उत्तर दिलं की माणूस तोंडाचा वास घ्यायला पुढे सरकतो. किल्ली मिळाली, पण अट पडली: सगळ्यांना दाखवायचं.

जानेवारीत रात्री नऊला मृग नक्षत्र छान वर येतं. व्याधाचा तीन ताऱ्यांचा बाण ठाण्याच्या धुरातूनही दिसतो. त्याच्या खालचा पुसट डाग म्हणजे तेजोमेघ. अंतर साधारण 1350 प्रकाशवर्षं. हा उजेड निघाला तेव्हा बदामीला चालुक्य होते. आतले तारे जेमतेम 10 लाख वर्षांचे. आपला सूर्य 460 कोटींचा, म्हणजे हे अजून पाळण्यातच. कित्येकांभोवती धूळ आणि वायूची चकती फिरतेय, तिच्यातून पुढे ग्रह घडणार. एवढं ऐकून अख्खी बी विंग ग्रह बघायला रांगेत उभी.

माझी सहा इंची दुर्बीण हातानं सरकवायची. पृथ्वी फिरत असल्यामुळे तेजोमेघ मिनिटा-दोन मिनिटांत चौकटीबाहेर. त्यात काकांनी नळी धरून खाली ओढली आणि ओरडले, "दिसलं! कोणीतरी उलटं उभं राहून भाकऱ्या भाजतंय!"

समोरचा टॉवर होता. या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं.

मग काकू. "काकू, थेट नका बघू, जरा बाजूला बघा. अंधूक गोष्ट नजरेच्या कडेनं नीट दिसते."

"बाजूला टाकी आहे."

"दुर्बिणीतच, पण बाजूला."

"हां... हे एवढंच? फोटोत तर गुलाबी असतो."

इतक्या मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, हे मी समजावलं. काकूंनी 'गिऱ्हाईक समजतोस का' अशा नजरेनं पाहिलं. ही नजर मात्र थेट होती.

"आणि चकत्या?" सेक्रेटरी.

चकत्या 1990 च्या दशकात हबल या अवकाशातल्या दुर्बिणीनं टिपल्या, उजळ वायूवर काळ्या ठिपक्यांसारख्या. त्याचा आरसा 2.4 मीटरचा. सिंकिंग फंडात बसणार नाही, म्हणून मी पटकन मधले चार तारे दाखवले. "त्यातला सगळ्यात तेजस्वी आहे ना, त्याच्या अतिनील किरणांनी शेजाऱ्यांच्या चकत्या विरून चालल्यात."

"बिल्डर दिसतोय," सेक्रेटरी डोळा न काढता म्हणाले. "आणि ग्रहांचं पझेशन कधी?"

"काही लाख वर्षं तरी लागतील."

"महारेरा नंबर आहे का?"