प्रथिनं बंद केल्याने कॅन्सर उपाशी मरत नाही

‘कॅन्सरचं खरं कारण सापडलं’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पेशींमधली आरएनए-बंधक प्रथिनं (म्हणजे आरएनएला चिकटून त्याचं काम सांभाळणारी) कॅन्सर घडवतात, ती आपल्या जेवणातल्या प्रथिनांतून येतात, म्हणून रुग्णाने प्रथिनं पूर्ण बंद केली की गाठ उपाशी मरते. जाता जाता एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा आरएनए) असलेल्या लशींवर ठपका, आणि औषध कंपन्या हे सगळं दडवतात असा आरोप. असले मेसेज मी एरवी पुसून टाकते. पण हा माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिची केमोथेरपी चालू आहे, आणि तो वाचून तिने ताटातलं प्रथिनांचं सगळं बाजूला सारायला सुरुवात केली. आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिल्या वाक्यात तथ्य आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करते. डीएनएतली माहिती आरएनएच्या रूपात उतरते. ती कुठे कापायची-जोडायची, किती वेळ टिकवायची, तिच्यावरून प्रथिन कधी बनवायचं, यावर आरएनए-बंधक प्रथिनांचा ताबा असतो. पेशीने वाढायचं की थांबायचं हे बऱ्याच अंशी इथे ठरतं. एचयूआर हे प्रथिन वाढीचे संदेश, म्हणजे तसे आरएनए, लवकर मोडू देत नाही. लिन२८ गर्भाच्या वाढीत कामाचं असतं आणि नंतर बहुतेक ठिकाणी गप्प होतं. काही गाठींमध्ये ते पुन्हा जागं होतं आणि वाढीला लगाम घालणारा लेट-७ हा छोटा आरएनए तयारच होऊ देत नाही. ईआयएफ४ई हे प्रथिन प्रमाणाबाहेर बनवायला लावलं की उंदराच्या पेशी कॅन्सरच्या पेशींसारख्या वागू लागतात, हे तर १९९० मध्येच दाखवलं गेलं.

एवढ्यावरून मेसेज लिहिणाऱ्याने स्वर्ग गाठला. माणसात अशी प्रथिनं आहेत तरी किती? २०१४ मध्ये तपासून केलेल्या यादीत १,५४२. त्यांच्याशिवाय एकही निरोगी पेशी चालणार नाही. शिवाय त्यातली काही कॅन्सरला अडवतात. ट्रिस्टेट्राप्रोलिन हे एचयूआरच्या नेमकं उलट काम करतं, तसलेच संदेश ते मोडून टाकतं. अनेक गाठींमध्ये ते कमी झालेलं आढळतं. फुफ्फुसाच्या एका कॅन्सरमध्ये आरबीएम१० या अशाच प्रथिनाचं जनुक बिघडलेलं सापडतं. म्हणजे इथे प्रथिन नीट काम करत नाही हीच अडचण. आणि काही रक्तविकारांत एसएफ३बी१ या जनुकातल्या बदलामुळे आरएनए चुकीच्या जागी कापला जातो. प्रथिन असतंच, पण ते ‘ध’चा ‘मा’ करतं. यातलं काय जेवण कमी करून दुरुस्त होणार?

आता तो घातक सल्ला. आपण खाल्लेलं प्रथिन जसंच्या तसं पेशीत जाऊन बसत नाही. पचनात त्याची अमिनो आम्लं होतात, आणि त्यांतून कोणतं प्रथिन किती बनवायचं हे पेशी स्वतःच्या जनुकांनुसार ठरवते. ताटातली प्रथिनं बंद केली तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून अमिनो आम्लं रक्तात सोडतं, आणि गाठीला ती तिथून मिळतातच. उपाशी राहतो तो माणूस. वजन आणि स्नायू घटलेल्या रुग्णाला केमो सोसत नाही, जंतुसंसर्ग गाठतो, जखमा भरायला वेळ लागतो, कधी औषधाचा डोस कमी करावा लागतो. युरोपियन सोसायटी फॉर क्लिनिकल न्यूट्रिशन अँड मेटाबॉलिझमच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत कॅन्सरच्या रुग्णांसाठी सरळ लिहिलंय: रोज दर किलो वजनामागे १ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिनं, शक्य असल्यास १.५ ग्रॅमपर्यंत. पन्नास किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. मेसेज सांगतो शून्य! मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हिशेब वेगळा होऊ शकतो, पण तो डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ करतील, फॉरवर्ड नव्हे.

यावर हमखास विचारलं जातं की अमिनो आम्ल तोडून कॅन्सर मारतात ना? हो, एका ठिकाणी मारतात. तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात अॅस्पॅराजिनेज हे औषध देतात. ते रक्तातलं अॅस्पॅराजिन संपवतं. निरोगी पेशी ते स्वतः बनवू शकतात, त्या ल्युकेमियाच्या पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही. म्हणून तो डाव लागू पडतो. तोही फक्त एका अमिनो आम्लाविरुद्ध, इंजेक्शनने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. शरीर अॅस्पॅराजिन स्वतः बनवत असल्यामुळे पथ्याने ते रक्तातून जाणारच नाही. मावशीलाही मी हेच समजावलं, आणि जेवणात कोणताही बदल तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

लशींबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आपल्या प्रत्येक पेशीत स्वतःच्या एमआरएनएचे रेणू लाखांच्या घरात असू शकतात, ते सतत बनतात आणि मोडतात. लशीतला एमआरएनएही पेशीद्रवात वाचला जातो आणि मोडून जातो. तो आपल्या डीएनएत शिरत नाही.

आणि दडवलंय म्हणे! वर सांगितलेली प्रत्येक गोष्ट संशोधन-पत्रिकांतून छापली गेलीय. उलट ही प्रथिनं औषधांनी कशी गाठायची यावर उघडपणे काम चालू आहे. इंडिसुलॅम हे रसायन आरबीएम३९ या एका आरएनए-बंधक प्रथिनाला पेशीच्या मोडतोड करणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करतं, हे २०१७ मध्ये उलगडलं. त्याचा रोख ठरावीक प्रथिनावर असतो, रुग्णाच्या जेवणावर नाही.