टँकरचे कप्पे आणि डोक्याला ताप

वाहतूक नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टँकरचे कप्पे भरायचे म्हटलं की डोकंच फिरतं. अरे, 20 किलोलिटरचा टँकर म्हणजे 20 हजार लिटरची एकच टाकी नव्हे! आत पाच-पाच हजारांचे चार स्वतंत्र कप्पे असतात. एकात पेट्रोल, बाकीच्यांत डिझेल, आणि कप्पा भरायचा तो खुणेपर्यंत. अर्धामुर्धा चालत नाही. पण सॉफ्टवेअर नुसती बेरीज करतं आणि सहा हजार पेट्रोल, चौदा हजार डिझेलची ऑर्डर खुशाल मंजूर करतं. ते टाळायचं तर प्रत्येक गाडीच्या प्रत्येक कप्प्याची क्षमता, माल, किमान भरती हातानं टाका. गाड्या हुबेहूब एकसारख्या असल्या तरी कॉपीची सोय नाही!

खरा संताप पुढे आहे. पेट्रोल उतरवलेल्या कप्प्यात वाफ उरते. त्यात लगेच डिझेल सोडलं तर आग लागायला स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. म्हणजे मागच्या फेरीला कुठल्या कप्प्यात काय होतं, हे कळलंच पाहिजे. त्यासाठी रकानाच नाही! म्हणे शेऱ्यात लिहा. शेरा सॉफ्टवेअर नियोजन करताना वाचतच नाही. ड्रायव्हरच्या जिवाचा प्रश्न आहे हो, तेवढा एक रकाना तरी द्या.