‘ॲब्लेशन म्हणजे हृदय जाळणं’: त्या मेसेजमधल्या पाच दाव्यांबद्दल

व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय, की धडधड मनाची असते, प्राणायामाने जाते. ॲब्लेशनमध्ये (धडधडीचं मूळ असलेली हृदयातली जागा तारेने तापवण्याची प्रक्रिया) हृदय जाळतात, ते कमजोर होतं. पुढे पेसमेकर ठरलेलाच. एवढं करून त्रास परत येतो आणि गोळ्याही सुटत नाहीत. हे वाचून कुणी ठरलेली तारीख रद्द केली तर त्याचं खरंच नुकसान होईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

धडधड मनाची? काहींची असते. पण बसल्याबसल्या बटण दाबावं तशी एकदम सुरू होणारी, मिनिटाला दीडशे-दोनशे ठोके जाणारी आणि तशीच एकदम थांबणारी धडधड बहुतेकदा एसव्हीटी (हृदयातली वीज भरकटल्याने होणारी जलद धडधड) असते. हृदयात विजेचा एक जादा मार्ग जन्मापासून असतो आणि तिथे वीज गोल गोल फिरत राहते. श्वासाचा उपयोग इथे होतो, पण मर्यादित. २०१५च्या एका ब्रिटिश अभ्यासात रुग्णांना पंधरा सेकंद जोर लावून फुंकायला सांगितलं, मग लगेच आडवं करून पाय वर धरले. शंभरातल्या ४३ जणांचा धडधडीचा झटका थांबला. नुसतं बसून फुंकणाऱ्यांमध्ये १७ जणांचा. झटका थांबला, मार्ग मात्र तिथेच राहिला. म्हणून धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्या, सगळं निदान त्या कागदावर असतं.

हृदय जाळतात म्हणजे नेमकं काय? जांघेतल्या शिरेतून तारा आत जातात. एसव्हीटीत रुग्ण अनेकदा जागा असतो. डॉक्टर मुद्दाम धडधड सुरू करतात आणि विचारतात, ‘घरी होतं ते हेच का?’ मग तारेचं टोक त्या मार्गावर टेकवून तेवढीच काही मिलिमीटर जागा तापवतात. त्यानंतर धडधड पुन्हा सुरू करून पाहतात. ती सुरू होत नाही याची खात्री करून मगच तारा काढतात. हृदय कमजोर होण्याचं म्हणाल तर २०१८च्या ‘कॅसल-एएफ’ चाचणीत हृदय आधीच कमजोर असलेले, एट्रियल फिब्रिलेशनचे (यात हृदयाचे वरचे कप्पे नीट न धडकता नुसते थरथरतात) रुग्ण होते. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण औषधांवर ४४.६ टक्के होतं, ॲब्लेशननंतर २८.५.

पेसमेकरची भीती अगदीच निराधार नाही. नेहमीच्या एसव्हीटीत तापवायची जागा हृदयाच्या वरच्या कप्प्यांतली वीज खाली नेणाऱ्या केंद्राला खेटून असते. पण पेसमेकरची वेळ शंभरात एखाद्यावर येते, किंवा त्याहूनही कमी. डॉक्टरांना हा आकडा जरूर विचारा.

‘परत येतं’ या मुद्द्यावर मेसेजने दोन वेगळे आजार एकत्र कालवलेत. नेहमीच्या एसव्हीटीत शंभरातले पंचाण्णवच्या आसपास रुग्ण एकदाच्या प्रक्रियेत बरे होतात. एट्रियल फिब्रिलेशनची गोष्ट वेगळी. १९९८मध्ये बोर्दोच्या मिशेल हाइसागेर यांच्या गटाने दाखवलं, की त्याची ठिणगी बहुधा फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरांमध्ये पडते. आज त्या शिरा विजेच्या दृष्टीने तोडतात, म्हणजे तिथली वीज हृदयात येऊ देत नाहीत, पण काहींना पुन्हा प्रक्रिया लागते. २,२०४ रुग्णांच्या ‘कबाना’ चाचणीत (२०१९) मृत्यू, पक्षाघात वगैरे धरून ॲब्लेशन औषधांहून ठळकपणे सरस ठरलं नाही. त्रास मात्र जास्त कमी झाला, जगणं सुधारलं. ज्याला चार पायऱ्या चढवत नाहीत त्याला हा फायदा किरकोळ वाटणार नाही. लक्षणंच नसतील तर घाई कशाला, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे.

आणि गोळ्या? कुठल्या गोळ्या, ते आधी विचारा. एसव्हीटी गेली की ठोके आवरायच्या गोळ्या बहुतेकांच्या बंद होतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ॲब्लेशननंतर किमान दोन ते तीन महिने सगळ्यांनाच लागतात. त्यानंतर त्या चालू ठेवायच्या का, ते वय, बीपी, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात यांवरून ठरतं, कारण गुठळीचा धोका यांनीच वाढतो. धडधड थांबली म्हणून त्या गोळ्या आपल्या मनाने सोडू नका.